खलनायकाच्या चार्टवरचे कोरे महिने

ती घटना आठवली की आजही आधी हसू फुटतं, मग थोडी लाज वाटते. मी तेव्हा वडसा भागात ठाणेदार होतो. हिवाळ्यात गावोगावी रात्रभर रंगणाऱ्या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम ऐन भरात होता. एका सकाळी खबऱ्याचा फोन आला, "साहेब, नाटकातला खलनायक खरोखरचा चोर हाय. शेअरचे खोटे चार्ट दाखवून राह्यला लोकायले."

दुपारी एक निवृत्त गुरुजी तक्रार अर्ज घेऊन हजर. हा नट उन्हाळ्यात ब्रह्मपुरीला शेअरबाजाराचा वर्ग घ्यायचा. त्यानं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकावरचा छोटा प्रोग्रॅम, चार्टवर चालवली की त्याची खरेदी-विक्रीची पद्धत मागच्या वर्षांत किती नफ्याची ठरली असती, ते दिसायचं. गुरुजींनी ती स्क्रिप्ट घरी बारकाईनं वाचली आणि त्यांना तारखांची अट सापडली. दरवर्षीचे चार-पाच महिने गणनेतून चक्क वगळलेले.

"नुकसानीचे महिने लपवले त्यानं," गुरुजी चिडून म्हणाले. "अन् मीच लोकायले त्याच्या वर्गात नेलं!"

स्टेशन डायरीत नोंद करून नटाला बोलावलं. तो तालमीतून उठून आला, चिकटवलेल्या मिशीसकट. त्या मिशीमुळे मला तो पाहताक्षणीच गुन्हेगार वाटला, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी त्याचा प्रयोग होता. गुन्हा दाखल झाला तर भूमिका दुसऱ्याला देऊ, असं नाटक मंडळीच्या मालकानं त्याला बजावून पाठवलं होतं.

"तारखांची अट कोणी टाकली?"

"मीच टाकली, साहेब."

"काऊन?"

"हिवाळ्यात मी नाटकात रायतो. दिवसा झोप, नाई त प्रवास. चार्टपुढं कोन बसन? जे सौदे मी करूच शकत नाई, ते मोजू कायले?"

असे बहाणे मी रोजच ऐकायचो. पण आमचे हवालदार नाटकाचे शौकीन. त्यांनी मंडळीची दौऱ्याची वही मागवली. एका पंख्याखाली वही आणि लॅपटॉप ठेवून पंचांसमक्ष आम्ही ताळा घेतला. गणना थांबण्याची तारीख म्हणजे हंगामाचा पहिला प्रयोग, सुरू होण्याची तारीख म्हणजे शेवटच्या प्रयोगानंतरचा दिवस. एकाही वर्षी फरक निघाला नाही.

गुरुजी मात्र हटेनात. "त्या महिन्यांत काय झालं असतं, ते त दाखवा!"

मागणी रास्त होती. नटानं अट काढली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. वगळलेले महिने एकेक करून भरू लागले. सगळ्यांत जास्त नफ्याचे महिने नेमके तेच होते!

मग गुरुजी पोट धरून हसू लागले. "अरे येड्या, नाटकापायी तू सोताचंच नुकसान केलं!" त्यांनी तिथंच अर्ज मागे घेतला. नटाची चूक एवढीच होती की वर्गात त्यानं ही अट सांगितली नव्हती. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोजलं, हे यापुढे चार्टवर ठळक लिहायचं, असं मी त्याला बजावलं.

तो निघाला तेव्हा मी विचारलं, "आता हिवाळाही धरशील?"

"नाई साहेब. हिवाळा नाटकाचा." मिशी दाबत तो तालमीला पळाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रयोगाला गुरुजी पहिल्या रांगेत होते.

तेव्हापासून कोणी पुरावा पुढे केला की तो कुठपासून कुठपर्यंतचा, आणि बाकीचं का सोडलं, हे मी आधी विचारायचो. बायको म्हणते, "तुमच्या आठवणींत तुम्ही कधीच चुकत नाही. तारखा निवडता वाटतं?" म्हणून आज मी चुकलो ती ही मिशीची गोष्ट सांगितली.