भिंगूनं बसवलेली काच

जाड चष्म्यामुळे भावानं लहानपणी तिला ‘भिंगू’ म्हणायला सुरुवात केली आणि पन्नाशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नाही. लग्न जमलं नाही, भावाकडेच राहिली. दादाला प्लॅस्टिकची हेलिकॉप्टरं जोडायचा नाद. सांगाडा, रंग, पंखा सगळं तो करायचा. पण पायलटच्या बसायच्या जागेवरची पारदर्शक टोपी, घरात सगळे तिला ‘काच’ म्हणत, ती भिंगूकडे. दादाचा हात धसमुसळा. भिंगूचा जन्म चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात गेलेला. ओल्या बारीक पॉलिश पेपरनं ओरखडा घालवायचा, टूथपेस्टनं चमक आणायची, कडेला काडीनं पांढरा डिंक. काच आहे की नाही हेच कळू नये.

एका रविवारी दादाच्या मंडळातले, असाच नाद असलेले लोक घरी आले. एकानं विचारलं, “काच इतकी स्वच्छ कशी बसवता हो?”

“हाताला वळण लागतं,” दादा म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या भिंगूच्या तोंडून निघून गेलं, “काच मी बसवते.”

दादा मोठ्यानं हसला. “बसवते बापडी! हिला बघायला आलेला एकही परत फिरकला नाही. हे पायलट बरे, चिकटवलेत म्हणून पळत नाहीत!”

सगळे खो खो हसले, वहिनीसुद्धा. भिंगूनं कप वाटले.

मंडळाच्या प्रदर्शनाच्या सकाळी दादा धावत तिच्या खोलीत आला. सगळ्यात मोठ्या हेलिकॉप्टरची काच निखळली होती, वर त्याच्याच अंगठ्याचा ठसा. “भिंगू, एवढं कर गं पटकन.”

ठसा तिनं घालवला. इतकी नितळ काच तिच्या हातून कधी झाली नव्हती. मग तिनं पांढरा डिंक बाजूला सारला आणि झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाची नळी उचलली. त्याची वाफ आत कोंडली की काच पांढरीफटक पडते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. सढळ हातानं आतून गोंद फिरवून तिनं काच दाबून धरली.

“डब्यात ठेव, झाकण घट्ट लाव,” ती म्हणाली. “धूळ बसायला नको.”

सभागृहात दादानं चारचौघांत झाकण उघडलं. काच मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. आतला पायलट दिसेना. “धुक्यातून आलं वाटतं!” कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

घरी येऊन त्यानं ते तिच्यापुढे ठेवलं. “मुद्दाम केलंस?”

“हो.”

तो ओरडेल, हात उगारेल, मग आपणही एवढ्या वर्षांचं बोलून घेऊ, असं तिला वाटलं होतं.  त्यानं नुसती पकडीनं काच फोडून काढली आणि झोपायला गेला.

पुढच्या प्रदर्शनात त्यानं तेच हेलिकॉप्टर उघडंच मांडलं, शेजारी छोटासा मेकॅनिक उभा करून, जणू दुरुस्तीला काढलंय. लोकांना ते भारी आवडलं. तेव्हापासून दादा काच बसवतच नाही. नव्या खोक्यातली काच तिच्यादेखत केरात जाते.

एकदा तिनं केरातून एक उचलली, घासून लख्ख केली आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“दादा, बघ ना.”

दादानं बघितलं. काच उलटी करून तिच्यात थिनर ओतलं आणि रंगाचा ब्रश बुडवला.