मला असं झालं असतं तर

आमच्या नागावात डॉक्टर रोज संध्याकाळी आपल्या बंद दवाखान्याच्या ओट्यावर बसायचे. एका पर्यटकाला ढकलल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल होता आणि निकाल लागेपर्यंत त्यांचा परवाना थांबवला होता. पण गावाची दुखणी थोडीच थांबतात!

"डॉक्टर, पोटात लय दुखतंय हो," एखादी मावशी यायची.

हात नाडीकडे जाऊ नयेत म्हणून डॉक्टर ते मांडीखाली दाबून ठेवायचे. "मला काही सांगायचा अधिकार न्हाय, मावशी. पण माझं असं दुखलं असतं, तर मी उद्या सकाळी उपाशीपोटी अलिबागला जाऊन सोनोग्राफी केली असती."

अशा रीतीने त्यांना गावातले सगळे आजार झाले. एकदा तर सातवा महिनाही लागला.

तो पर्यटक माझ्याच होमस्टेवर उतरला होता. दारूच्या नशेत तो आपणहून पडला; धंद्याचं नाव खराब होऊ नये म्हणून मी पोलिसांना डॉक्टरांनी ढकलल्याचं खोटं सांगितलं. शेवटी ओट्यावर जाऊन मी म्हणालो, "डॉक्टर, उद्या कोर्टात मी खरं सांगणार आहे. पण छाती फार धडधडतेय."

त्यांचे हात मांडीखालून निघाले, आणि परत आत गेले.

"मला खरं सांगायचं असतं, तर मी आधी बीपीची गोळी घेतली असती," ते म्हणाले. "पण कोर्टात नक्की गेलो असतो."