वडिलांच्या चपलांवरच्या तीन ओळी

आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण क्लबहाउसमध्ये गोल करून बसतो. एकाने स्वतःच्या तीन ओळी वाचायच्या. मग मिनिटभर सगळे गप्प. त्यानंतर ज्याला जे आठवलं, ते त्याने सांगायचं. वाहवा बंद, सल्ले बंद.

मला हे झेपणार कसं? मी तिथे जात होतो तो वाहवेसाठीच. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा लोकांना काहीच आठवलं नाही. एकदा तर चर्चा घसरून पाण्याच्या टाकीवर गेली. तिसऱ्या खेपेला मी वडिलांना मारलं.

दाराशी चपला तशाच.
आता त्या घालते
फक्त धूळ.

वडील त्या वेळी अंधेरीत ठणठणीत होते, बहुधा दुसरा चहा मागत होते.

मिनिट संपलं आणि चौथ्या मजल्यावरचे काका बोलले. हे काका वर्षभर नुसत्या खुर्च्या लावायचे. "माझे वडील गेले तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. हे मी घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही," म्हणाले आणि रडले. निघताना माझा हात धरला. "तू बोललास म्हणून मी बोललो रे."

तिथेच सांगून टाकायचं ना! मी उलट डोळे टिपले.

पुढच्या रविवारी वाट लागली. आम्ही बसलेलो असताना वडील सोलकढीची बाटली घेऊन दारात उभे.

"काय रे, फोन उचलत नाहीस. म्हटलं, जिवंत आहेस का बघून येऊ."

"आपण कोण?" काकांनी विचारलं.

"याचा बाप."

वडिलांनी दाराशी चपला काढल्या. सगळे त्या चपलांकडे बघत राहिले. कोणी न सांगताच मिनिटभर शांतता झाली.

"काका, ते... मी बनवलं होतं," मी म्हणालो.

काकांनी वडिलांसाठी खुर्ची ओढली, त्यांना बसवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं खरं होतं."

काका अजूनही येतात, खुर्च्या लावतात, पण मिनिट संपल्यावर बोलत नाहीत. मी आता लवकर जाऊन त्यांच्यासोबत खुर्च्या लावतो. "राहू द्या, तुम्ही बसा," म्हणतात. आधी मला अरे-तुरे करायचे.