तेल-पाण्याची तूर

श्रावणात, मंगळवारी सकाळी, नांदेडच्या रुग्णालयात माझी पत्नी वारली. डॉक्टरांनी कागद पुढे केला, मी सही केली. दुपारी गोदावरीच्या घाटावर अंत्यसंस्कार झाले. संध्याकाळी मी घरी आलो.

आम्ही दोघं नांदेडच्या एकाच महाविद्यालयात होतो. ती भौतिकशास्त्र शिकवायची, मी ग्रंथपाल होतो. तिचा अभ्यासाचा विषय मऊ वस्तूंचा. दही, साबणाचा फेस, मलम, खळ, ओली वाळू, धान्याची रास. या वस्तू धड घट्ट नाहीत आणि धड पातळही नाहीत. पुस्तकांत या शास्त्राला ‘मृदू द्रव्य’ असं भारदस्त नाव आहे, पण ती ते नाव लोकांपुढे कधी काढत नसे. असं काही म्हटलं की माणसं अदबीने गप्प बसतात, आणि तिला गप्प बसलेली माणसं नको असायची. मला ती चिडवायची, “तुम्ही ग्रंथपाल. तुम्हाला प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी कप्प्यात लागते. माझ्या वस्तू कप्प्यात राहत नाहीत.”

रविवारी आणि सुट्यांमध्ये आम्ही एसटीने गावोगाव जायचो. पिशवी माझ्याकडे असे. हिमायतनगरच्या एका शाळेत तिने परातीत मक्याचं सत्त्व, म्हणजे कॉर्नफ्लॉवर, पाण्यात कालवलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाली, बुक्की मारा. त्यांनी मारली, तर पीठ फरशीसारखं कडक. मग हात हळूच ठेवायला सांगितला, तर तो मनगटापर्यंत आत गेला, आणि घाईने ओढला तेव्हा निघेना. मुलं इतकी हसली की शेवटी मुख्याध्यापकही हसले. देगलूरला पापड करणाऱ्या बायकांमध्ये ती अर्धा दिवस बसली. उडदाचं पीठ कुटल्यावर का ताणलं जातं हे तिने मराठीत सांगायचं, एकीने ते तेलुगूत करायचं, आणि त्या तेलुगूत भर पडून सगळ्याजणी कशाला हसायच्या ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. उदगीरला एक मलम करणारे होते. त्यांच्या डब्यांत उन्हाळ्यात तेल सुटून वर यायचं. त्यांच्याकडे ती पुन्हा पुन्हा गेली. तेल सुटणं थांबलं तेव्हा त्यांनी आमच्या घरी एवढं मलम पाठवलं की गल्लीतल्या सगळ्यांचे गुडघे त्यावर निघाले.

पण तिचा जीव अडकला होता तो लातूरच्या एका डाळ मिलमध्ये.

तिथे डाळ करण्याआधी तुरीला तेल आणि पाणी चोळून ढीग झाकून ठेवतात, म्हणजे साल सुटायला सोपं जातं. ही तूर जरा चिकट असते. ती हॉपरमध्ये, म्हणजे खाली निमुळत्या होत गेलेल्या उंच लोखंडी टाकीत, भरली की मधूनच अडते. खालून पडायची थांबते, वरून मात्र टाकी भरलेली दिसते. अशा वेळी तिथले एक जुने मुकादम शिडीने वर चढायचे, टाकीत उतरून तुरीवर उभे राहायचे आणि बांबूने खाली ढोसायचे. थोड्या वेळाने तूर सुटायची. मिल सुरू झाली तेव्हापासून ही रीत होती आणि मुकादमांना तिचा अभिमान होता.

तिने हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मालकांच्या घरी तिला जेवण गेलं नाही. परतताना अहमदपूर मागे पडलं. मग ती म्हणाली, “ते धान्यावर उभे नव्हते. पोकळीच्या छपरावर उभे होते.”

खालची तूर निघून जाते आणि वरची एकमेकींना धरून कमान करते. कमान मोडली की वरचा माणूस तुरीसकट आत जातो आणि तूर त्याच्यावर मिटते. त्याला ओढूनही काढता येत नाही. हे तिने मालकांना समजावलं, आणि त्यांना ते पटलं. हॉपरच्या वरच्या तोंडावर माणूस आत उतरणार नाही अशी जाळी बसवावी, बाजूला भोक पाडून खालूनच गज घालावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मुकादमांना मात्र ते पटेना. म्हणून ती दरवर्षी खंडेनवमीला लातूरला जाऊ लागली. त्या दिवशी यंत्रं बंद असतात, त्यांना झेंडूच्या माळा घालतात, आणि पूजेनंतर सगळी माणसं प्रसादासाठी एका जागी बसलेली असतात. नांदेडच्या एका काचवाल्याकडून तिने पुढून काच असलेला छोटा हॉपर करून घेतला होता. तो मधे ठेवून ती तुरीची कमान दाखवायची. मुकादम हसायचे. “मॅडम, हे डबड्यातलं हाय. माझं वजन त्या तुरीला ठाव हाय.” तीही हसायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायची.

ती गेल्यानंतर भाद्रपद संपता संपता मालकांचा फोन आला. ते कपाळाला विभूती लावणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. यंदाच्या खंडेनवमीला या, असं म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे वर्षभर सण नाही.

“सणाला बोलवत नाही, सर. नवा हॉपर उभा राहिलाय, पहिल्यापेक्षा खोल. दोन जाळ्या करून घेतल्यात, त्या भिंतीला टेकून पडल्यात. मुकादम माझ्या वडिलांच्या वेळचे. मी हुकूम केला तर काम सोडतील, पण ऐकणार नाहीत. मॅडमचं हसत का होईना, ऐकून तरी घ्यायचे.”

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. भौतिकशास्त्र मी तिच्याकडून जेवताना ऐकलं तेवढंच. तरी माळ्यावरून तिचा तो काचेचा हॉपर काढला आणि त्याच्याशेजारी तिने याचसाठी ठेवलेला अख्ख्या तुरीचा डबाही काढला. मुकादम नव्या हॉपरमध्ये उतरतील ही गोष्ट मला घरात बसू देईना.

पूजा झाली. माणसं मांडी घालून बसली. मी तूर भरली, तिच्याकडून ऐकलेली वाक्यं जमतील तशी म्हटली आणि खालची झडप उघडली. सगळी तूर सरळ खाली पडली. कमान नाही, पोकळी नाही, काही नाही. मी पुन्हा भरली. पुन्हा तेच. मागून कोणीतरी म्हणालं, “सर, ही तर सगळी गळून राहिली.” हसू पसरलं. मालक जमिनीकडे बघत होते. काय चुकलं ते मला खरोखर कळत नव्हतं, आणि वर बघायची हिंमत होत नव्हती.

मुकादम पुढे आले. चिमूटभर तूर उचलून त्यांनी हुंगली.

“सर, ही कोरडी हाय. मॅडम तेल-पाणी लावून आणायच्या.”

मग मला आठवलं. लातूरला जायच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात काहीतरी चोळत बसायची, आणि मी बाहेरच्या खोलीत वाचत असायचो.

अंगणात झाकलेला तुरीचा ढीग होता. त्या दिवशी फावड्याला किंवा सुपाला हात लावायचा नसतो, म्हणून मुकादमांनी खांद्यावरची दस्ती पसरली आणि ओंजळीने तीत तूर भरून आणली. हॉपर त्यांनीच भरला. झडपही त्यांनीच उघडली. थोडी तूर पडली आणि थांबली. काचेतून खालची पोकळी दिसत होती, वर तुरीची कमान, आणि तिच्यावर सपाट, भरलेली टाकी. मुकादमांनी कमरेची चंची सोडली, एक सुपारी काढली आणि तुरीवर मधोमध ठेवली.

“हा मी,” ते म्हणाले.

पूजेतली विझलेली उदबत्ती घेऊन, बांबू धरतात तशी दोन्ही हातांनी धरून, त्यांनी सुपारीशेजारी ढोसलं. तूर एकदम बसली. सुपारी दिसेनाशी झाली. वरचा भाग पुन्हा मिटला, जणू तिथे काही नव्हतंच. मुकादमांनी बोटाने वरची तूर बाजूला केली, आणखी थोडी केली. मग बोट काढून घेतलं.

बोटाचं तेल त्यांनी दस्तीला पुसलं.

“मॅडम असत्या तर औंदाबी हसलो असतो,” ते म्हणाले. “आज हसवंना.” मग मालकांकडे वळून, “उद्या बसवा जाळ्या. आज हत्याराला हात न्हाई लावायचा.”

त्या रात्री मालकांनी मला परत जाऊ दिलं नाही. त्यांच्या पत्नीने पिठलं-भाकरी केली होती. नवमीच्या दिवशी त्या भरल्या घरात, लहान मुलांसकट, सगळे पिठलं-भाकरीच जेवले. गोड केलेलं नव्हतं आणि का केलेलं नाही ते कोणी बोललं नाही. मी घास घेताना थांबलो की मालकीणबाई न विचारता ताक वाढत होत्या. सांत्वनाला आलेल्या पुष्कळ माणसांचं बोलणं मी विसरलो आहे. ते जेवण विसरलेलो नाही.

दसऱ्याच्या सकाळी वेल्डिंगवाला आला. जाळी कुठे किती वर घ्यायची आणि बाजूला भोक कुठे पाडायचं ते मुकादमांनी दाखवलं. बसवून झाल्यावर ते शिडीने चढले, जाळीवर उभे राहून दोनदा पाय आपटले आणि वरूनच म्हणाले, “मालक, लोखंड लई हलकं घेतलं जणू.” मालकांनी म्हटलं, तुम्हीच हलके व्हा आता. मुकादम उतरले तेव्हा शिडीचा शेवटचा दांडा मी धरून होतो. ते मला म्हणाले, “पुढच्या साली या, सर. पण तूर नका आणू. इथली घेऊ.”

मी एसटीने नांदेडला आलो. त्या प्रवासात मी पहिल्यांदा रडलो, आणि मला त्याचं बरं वाटलं. ती इतक्या ठिकाणी जाऊन बोलली होती, त्यातलं किती कुठे राहिलं हे मला माहीत नव्हतं. एका ठिकाणी राहिलेलं मी पाहिलं. मालकांचे, मालकीणबाईंचे आणि सर्वांत जास्त मुकादमांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी मला कधी आभार मानू दिले नाहीत, म्हणून इथे लिहिलं.

आता घरात मी एकटा असतो. लातूरच्या त्या मिलमध्ये दोन्ही हॉपरवर जाळ्या आहेत. तूर अडली की मुकादम तूर वाहून नेणारा पट्टा बंद करायला सांगतात, खाली उभे राहून बाजूच्या भोकातून गज घालतात, आणि संध्याकाळी घरी जातात.