कुंकू लावलेली ओळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे. एरवी माझ्या तोंडाला कुलूप म्हणून नसतं — या एका गोष्टीला मात्र दातखीळ बसते.

माझं काम प्रथिनांचं. प्रथिन म्हणजे एक लांब धागा, तो स्वतःभोवतीच घडी घालतो, आणि ती घडी कशी पडते ते मी शोधते. त्यासाठी आधी प्रथिनाचे स्फटिक व्हावे लागतात, खडीसाखरेसारखे. आमच्या जोयड्याच्या रानातल्या कडू करांदा या कंदातलं एक प्रथिन मी घेतलं होतं. चार वर्षं गेली — स्फटिक काही होईनात. नुसता गाळ! बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतली माझी जागा जायची वेळ आली.

सुट्टीत गावी, गुंदला गेले, मावशीकडे. आईची थोरली बहीण. अक्षरओळख नाही, पण रान तोंडपाठ. माझं रडगाणं ऐकून करांदे कधी खणून नेतेस, एवढंच तिनं विचारलं. पावसाळ्यात, म्हटलं. ती हसलीच.

"खुळी का काय गं? वेल वाळल्याबिगर करांदा खणू नगं. तवर त्यो आत भरत असतोय."

वेल वाळल्यावर खणलेले करांदे नेले. तीन आठवड्यांत स्फटिक झाले. शोधनिबंध छापून आला, नोकरी पक्की झाली. आणि निबंधात मी लिहिलं — 'आमच्या असं लक्षात आलं की'. आमच्या म्हणजे कुणाच्या हो? शेवटी आभारांची जागा असते, तिथे तिचं नाव सहज मावलं असतं. कुणी अडवलं नव्हतं. मलाच वाटलं — एका अडाणी बाईनं सांगितलं म्हटलं, तर मग माझं काय राहिलं?

तो निबंध घेऊन मावशीकडे गेले. मिरवायला, दुसरं काय! तिनं जपून पानं उलटली आणि विचारलं, "माझं नाव घातलंस न्हवं?"

"व्हय मावशी," म्हटलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. करांदे ज्या फ्रिजमध्ये ठेवले होते, त्या फ्रिजच्या कंपनीचं नाव होतं ते. मावशीनं कुंकवाची डबी आणली आणि त्या ओळीला कुंकू लावलं. तेव्हापासून तो कागद तिच्या देवांपाशी आहे. येईल त्याला ती दाखवते.

यंदा तिच्या घरात सून आली, शैला. अंगणवाडीत शिकवते, इंग्रजी वाचते. मी गेले तशी मावशीनं कागद तिच्या हातात दिला, भाचीसमोर वाचून दाखव म्हणाली. शैलानं ती ओळ वाचली — मनातल्या मनात. परत वाचली. माझ्याकडे एकदाच बघितलं. मग सासूला म्हणाली, "व्हय आत्ती, तुमचंच नाव हाय."

मला लाज वाटली. पण त्या लाजेच्या आधी — सांगायलाच बसलेय तर सांगते — मला हायसं वाटलं.

निघताना मावशीनं पिशवी भरून करांदे दिले, वेल वाळल्यावर खणलेले. शैलानं ती पिशवी जीपपर्यंत आणली. मी ती घेतली.