दहापैकी तीन

मानसशास्त्रातली मास्टर्स मी संशोधनाची घेतली. वर्गातले तास कमी, आणि दोन वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागायचं. माझा प्रश्न असा होता की जन्मभर चाळीत राहिलेली म्हातारी माणसं घर सोडून टॉवरमध्ये गेली की त्यांच्या स्मरणशक्तीचं काय होतं. आमची वरळीची बीडीडी चाळ तेव्हा रिकामी व्हायला लागली होती. त्यामुळे विषय दारातच सापडला. माणसं मात्र मिळेनात. चाचणी म्हटलं की सगळे मागे सरत. "मी काय वेडी आहे का गं?" असं एका आजींनी तोंडावर विचारलं.

मदतीला धावले ते आमच्या मजल्यावरचे काका. पूर्वी गिरणीत साच्यावर कापड विणायचे, गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या गोदामात मालाच्या नोंदी ठेवायचे. बायको लवकर गेली. एकुलती मुलगी त्यांनी एकट्याने वाढवली. ती ताई आता लालबागच्या एका शाळेत शिकवते आणि त्यांच्याजवळच राहते. पण चाळीला काका माहीत होते ते संध्याकाळच्या अभ्यासामुळे. चाळीतल्या बुद्धविहाराच्या खोलीत ते आम्हा पोरांना बसवायचे. पाढे मी त्यांच्याकडेच शिकले. कॉपी करणाऱ्याला ते मारत नसत, नुसतं म्हणत, "मला फसवून तुझं गणित सुटणार आहे का?" त्याने जास्त लाज वाटायची.

काकांनी खोलीखोलीत जाऊन माझ्यासाठी माणसं गोळा केली. "आपल्या चाळीतली मुलगी एवढं शिकतेय, अर्धा तास द्यायला काय जातं?" पहिली चाचणीही त्यांनी स्वतःच दिली, त्याच खोलीत. संमतीपत्र त्यांनी ओळ न ओळ वाचलं. त्यात एक वाक्य होतं: काळजी करण्यासारखं काही आढळलं तर आपल्याला तसं सांगितलं जाईल व डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला जाईल. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बरं लिहिलंस." आणि सही केली.

मी दहा शब्द वाचून दाखवले. वीस मिनिटांनी आठवतील तेवढे सांगायचे होते. बाकीचे लोक सहा-सात सांगत. काकांना तीन आठवले. मग घड्याळ काढायला दिलं. त्यांनी गोल सुरेख काढला आणि बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने भरले. कागदाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक," ते म्हणाले. मी कागद फाइलमध्ये ठेवला, तेव्हा हळूच म्हणाले, "ताईला काय बोलू नको हां."

"नाही काका, हे सगळं गुप्तच असतं," मी म्हटलं.

ते खरंच होतं. पण ताईला न सांगणं वेगळं आणि काकांना स्वतःला न सांगणं वेगळं. "काका, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या," एवढंच तर म्हणायचं होतं. त्यांच्याच संमतीपत्रात ते लिहिलेलं होतं. मी म्हटलं नाही. एका चाचणीवरून काही ठरत नाही, मी डॉक्टर नाही, उगाच घाबरवायचं कशाला, असं मी स्वतःला समजावत राहिले. खरं कारण होतं सहा महिन्यांनी, घर सोडलेल्या आणि न सोडलेल्या सगळ्यांची, घ्यायची दुसरी फेरी. चार जण आधीच घर बदलून लांब गेले होते. काकांचे उपचार सुरू झाले असते तर नियमाने तेही यादीतून गेले असते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनाही मी हे सांगितलं नाही. तक्त्यात तीनचा आकडा भरला आणि पुढच्या खोलीत गेले.

ते सहा महिने मी त्यांना रोज बघत होते. जिन्यात भेटले की "कुठवर आलं काम?" विचारायचे, आणि वर पोचेपर्यंत परत तेच विचारायचे. मी दोन्ही वेळा उत्तर द्यायचे.

दुसऱ्या फेरीला नवे दहा शब्द होते. मी वाचून दाखवले आणि यादीचा कागद दाराबाहेर ठेवलेल्या पिशवीत टाकला. मधल्या वेळात काका "पाणी पिऊन येतो" म्हणून बाहेर गेले. परत आले आणि नऊ शब्द सांगितले, अगदी माझ्याच क्रमाने. दर शब्दाला नजर डाव्या बाहीकडे जात होती. मनगटावर निळी शाई दिसत होती. ज्या माणसाने कॉपी होऊ नये म्हणून आम्हाला दोन्ही हात चटईवर ठेवायला लावले, तो माणूस माझ्यासमोर कॉपी करत होता. किती घाबरले असतील तेव्हा. त्या क्षणीसुद्धा मला बोलता आलं असतं. मी तक्त्यात नऊ लिहिले.

पुढच्याच महिन्यात काका हरवले. सकाळी दादरला भाजी आणायला गेले ते दुपार झाली तरी परत नाहीत. सगळी चाळ शोधत होती. संध्याकाळी कॉटन ग्रीनला एका बंद गोदामाच्या पायरीवर ते सापडले. पिशवी मांडीवर होती. "कुलूप कोणी उघडत नाही," असं तिथल्या वॉचमनला सांगत होते.

त्यांना घरी आणल्यावर ताईने मला गॅलरीत गाठलं. "तू त्यांची परीक्षा घेत होतीस ना? तुला काही जाणवलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

तो शब्द तोंडातून कसा गेला, मला कळलं नाही. ताईने मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली. तिने विश्वास ठेवला, ते मला सहन झालं नाही.

दोन दिवसांनी मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. तीन, नऊ, शाई, गॅलरी. मला वाटलं, त्या संशोधनाचं बोलतील. त्यांनी विचारलं, "घरी सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतेस?"

शाळा सुटायच्या वेळी मी लालबागला फाटकाशी उभी राहिले. ताई बाहेर आली ती हसत. रस्त्याच्या कडेलाच मी तिला सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे सहा महिने."

"सातवा चालू आहे."

"काल डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा आजार थांबत नाही. तू सांगितलं असतंस तरी थांबला नसता, माहितीये मला." ती शाळेकडे बघत बोलत होती. "पण मी आईचं विचारून घेतलं असतं गं. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. नंतर कधीतरी विचारू, असं म्हणत राहिले. आता विचारलं तर ते आईला आणि आत्याला एक करतात."

मी "सॉरी ताई" म्हटलं. ती म्हणाली, "बस आली माझी," आणि गेली.

काकांचे आकडे मी प्रबंधातून काढले, का काढले तेही लिहिलं. शाई दिसूनही नऊ लिहिले, हेसुद्धा. नवी माणसं शोधून पुन्हा दोन्ही फेऱ्या घ्याव्या लागल्या, त्यात एक वर्ष वाढलं. पदवी मिळाली. आई चाळभर पेढे वाटायला निघाली तेव्हा काकांच्या दाराशी मी गेले नाही, आईच गेली.

आता काका आणि ताई टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर असतात. दर गुरुवारी तपासणी असते आणि ताईची शाळाही, म्हणून काकांना परळच्या हॉस्पिटलात मी नेते. हे मीच मागून घेतलं. ताई "ठीक आहे" म्हणाली, त्याहून जास्त काही नाही. फाइल हातात देते, गोळ्यांच्या वेळा सांगते आणि दार लावते. काका मला ओळखत नाहीत, पण बाकड्यावर शेजारी बसल्यावर प्रेमाने विचारतात, "कितवीला आहेस, बाळ?" मी काहीतरी इयत्ता सांगते. मग ते सतराचा पाढा म्हणायला लावतात. तो मी पूर्ण म्हणते. त्यांना अजून चूक लगेच कळते.