मस्टरवर नसलेला बारावा

आधीच सांगते, मी सरकारी माणूस. कागदावर नाही ती गोष्ट नाहीच, असं मानण्यात अर्धी नोकरी गेली. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ऑफिसात सगळ्यांत आधी मीच हसायचे...

मी नगरला (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही) कामगार खात्यात अधिकारी आहे. मागच्या उन्हाळ्यात खर्ड्याजवळची लता नावाची बाई नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन आली. तिचा नवरा सुदाम जामखेड रोडला गोडाऊनच्या बांधकामावर परांचीवरून पडून गेला होता. ठेकेदार म्हणे — असा माणूस आमच्याकडे नव्हताच. मस्टरमध्ये नाव नाही, सोबतचे मजूर तोंड उघडेनात. तो तिथे कामाला होता हे सिद्ध झाल्याशिवाय तिची केस उभीच राहणार नव्हती.

मी तपासणीला गेले. दुपारचे तीन, रणरणतं ऊन. ठेकेदार सारखा थंडा घ्या, थंडा घ्या करत होता, त्याचा मला भयंकर राग येत होता. मजुरांना ओळीत उभं केलं. मस्टरवरची अकरा नावं मी एका कागदावर उतरवून घेतली होती, आणि चौकशीत विचारायचं म्हणून खाली सुदामचंही नाव लिहिलं होतं. हजेरी सुरू केली. एकेक जण "हजर" म्हणत गेला... आणि वाचण्याच्या ओघात माझ्याकडून ते बारावं नावही घेतलं गेलं.

"हजर, मॅडम."

आवाज वरून आला, अर्धवट स्लॅबकडून. तिथे कुणीच नव्हतं. मी ओळ मोजली — अकरा. मी मान वर करून स्लॅबकडे बघत राहिले. पण एकाही मजुराने मान वर केली नाही.

"कोण बोललं?" मी विचारलं.

म्हातारा मुकादम खाली बघत म्हणाला, "सुदामच की. रोज सकाळी हजेरीला आवाज देतो. आमी नाव घेत न्हाई, तरी देतो."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"काम जाईल म्हून. पर आज तुमी नाव घेतलं, त्यानं व्हय म्हनलं... आता आमी कसं न्हाई म्हनावं?"

अकराही जणांनी जबाब दिले. ठेकेदार म्हणाला, मला काहीच ऐकू आलं नाही. पण स्लॅबकडे पाठ करून उभा राहायला तो तयार नव्हता. मी स्वतः वर चढून पाहिलं. सिमेंटची रिकामी पोती, बाकी काही नाही. कुणाचा मोबाईलसुद्धा नाही.

केस उभी राहिली. लताला हे सांगायला नको होतं, पण राहवलं नाही. ती दचकली नाही. तिने एवढंच विचारलं, "लई दमल्यावानी वाटला का ओ आवाज?"

"नाही," मी म्हणाले. खरंच नव्हता.

"मग आपण गेलोय हे त्यांना अजून ठावंच न्हाई," ती म्हणाली, आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती साइटवर गेली. स्लॅबखाली उभी राहून, "सुट्टी झाली, चला घरी," एवढंच म्हणाली, असं मुकादमाने फोनवर सांगितलं. त्यानंतर तिथे आवाज आलेला नाही. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. हल्ली तपासणीला गेले की मी नावं वाचत नाही. मजुरांनाच आपापलं नाव सांगायला लावते.